कापसात बांधलेला छापखाना

जन्मभर दुसऱ्याचं छापत आलेल्या माणसाला "आता तुमचं काही लिहा" असं सांगितलं की त्याची मोठी पंचाईत होते. समोर मूळ प्रत नसते आणि चुका काढायला दुसरं कोणी नसतं. या अंकाच्या संपादकांना मी आधी नाहीच म्हटलं होतं. मग ते नेमके जेवणाच्या वेळी आले, आणि ताटावर बसलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घरी पद्धत नाही. म्हणून लिहितो आहे. छापखाना चालवला कसा, यात सांगण्यासारखं थोडं आहे. तो विकला कसा, यात जास्त आहे. चालवताना मला वाटायचं की तो मी चालवतो; विकताना कळलं की त्याला किती जणांचे हात लागलेले असतात.

आमचा छापखाना अमरावतीत अंबागेटाच्या आत होता. दोन खोल्या आणि पुढे ओटा. पुस्तकं आम्ही कधी छापली नाहीत, वर्तमानपत्र तर नाहीच. गावाला रोज लागतं ते छापलं: लग्नपत्रिका, पावत्या, कापसाच्या जिनांच्या चिठ्ठ्या, कीर्तनांची आणि कुस्त्यांची हँडबिलं, संत्र्यांच्या पेट्यांवरची लेबलं. यंत्र एकच, पायाने चालवायचं. त्याला ट्रेडल म्हणतात. शिलाईच्या यंत्राचा थोरला भाऊ समजा. पायाने दाबत राहायचं, एका हाताने कोरा कागद घालायचा, दुसऱ्या हाताने छापलेला काढायचा, आणि आपली बोटं आपल्याच हाताला राहतील एवढं लक्ष ठेवायचं.

पण छापखान्याचा जीव यंत्रात नसतो, खिळ्यांत असतो. शिशाचा एवढासा तुकडा, त्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर, तो खिळा. इंग्रजीवाल्यांचं थोडक्यात भागतं. आपल्याला काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळ्यांचे निराळे खिळे लागतात आणि प्रत्येकाला निराळा खण लागतो. असे खण पाडलेल्या पसरट लाकडी पेट्या तिरप्या मांडून ठेवतात. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, त्यांतून एकेक खिळा उचलून ओळ लावतो. तो पेटीकडे बघत नाही, मजकुराकडे बघतो. हात आपला आपण जातो. कोणत्या खणात काय ठेवायचं, हे ज्या त्या छापखान्याचं आपापलं असतं. आमच्याकडचं ते सगळं दशरथने लावलेलं होतं. त्यामुळे तो कुठे लग्नाला गेला की आमच्याकडे नवरा-नवरीचं नाव जुळवायलासुद्धा मला दुपार लागायची.

दशरथ हा आमचा जुळारी. घर फुलमाळ्यांचं, भाऊ वडाळीच्या बाजूला शेवंती आणि झेंडू लावायचे. हा एकटाच शिशाच्या धंद्यात पडला. बोलायला मोजका, पण बोलला तर गिऱ्हाईक हसत तरी जायचं, नाहीतर रागावून तरी. मी तापट आणि तो थंड, म्हणून आमचं जमलं. दोघेही तापट असतो तर छापखाना पहिल्या शिमग्यालाच बंद पडला असता.

त्याच्या थंडपणाचा एक किस्सा सांगतो. तिवश्याकडचा एक शेतकरी तणतणत ओट्यावर आला. त्याचा बैल बाजारातून सुटून गेला होता.

"हँडबिल काढा," तो म्हणाला. "बैल हरपला म्हणा. अन् वरतं बैलाचं चित्र टाका. लोकाईले वाचता कुठी येते?"

चित्रांचे ठोकळे आमच्याकडे होते, पण ते घोड्याचे, मोराचे आणि पैलवानांचे. बैल म्हणावा असा एकच होता: शिवरात्रीच्या यात्रेच्या पत्रकांवर टाकायचा नंदी. पाठीवर नक्षीची झूल, गळ्यात घंटा, पाय दुमडून बसलेला. दशरथने तोच काढून पुढे केला.

"माह्या बैलाले झूल नोती," शेतकरी म्हणाला.

"चोरानं घातली असंन," दशरथ म्हणाला.

त्या बिचाऱ्याला ते पटलं. हँडबिलं निघाली. खाली छापलं होतं की शोधून आणणाऱ्याने येत्या सोमवारी अमुक गावी यावं, योग्य तो सन्मान होईल. आता वर नंदी आणि खाली सोमवार! ज्याला वाचता येत नव्हतं त्याने नंदी पाहिला, ज्याला थोडं येत होतं त्याने सोमवार आणि गावाचं नाव लावलं. सोमवारी त्याच्या दारात बेल-नारळ घेऊन गाड्यांची रीघ लागली. लोक विचारू लागले, मंदिर कोणीकडे आहे आणि पंगत कधी बसणार. शेतकरी डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात त्याच्या बायकोने आरडाओरड केली, कारण देवदर्शनाला आलेल्या एका गाडीला जुंपलेला बैल त्यांचाच होता. ज्याला तो सापडला होता, तो त्याच बैलाला जुंपून पुण्य जोडायला आला होता. पुढे तो शेतकरी आमच्याकडे हरभऱ्याचा भारा टाकून गेला आणि दशरथच्या पाया पडायला निघाला होता. त्या गावी त्या सोमवारी अजून लोक जमतात, असं ऐकतो.

लग्नपत्रिकांचं दुखणं वेगळं. पत्रिका नवरा-नवरीची असते असं ज्याला वाटतं त्याने छापखाना काढू नये. ती खालच्या नावांची असते. नांदगाव खंडेश्वरच्या एका पाटलांकडे दोन मामा होते, आणि दोघांचं म्हणणं एकच: "माहं नाव खाली काहून?" पाटील रडकुंडीला आले. शेवटी दशरथने अर्ध्या पत्रिका एका मामाचं नाव वर ठेवून छापल्या आणि अर्ध्या दुसऱ्याचं. ज्या मामाच्या गावाला ज्या जायच्या त्या नीट बांधून दिल्या. मंडपात त्या दोन पत्रिकांची गाठ पडली नाही, ही देवाची कृपा.

असं सगळं मजेत चाललं असताना दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली आणि कागद गेला. बाजारात मिळेना, मिळाला तर परवडेना. मोठ्या छापखान्यांना थोडाफार मिळायचा. आमच्यासारख्यांनी जुन्या वह्यांच्या कोऱ्या पाठींवर हँडबिलं छापली. त्यातच माझा गुडघा धरला. ट्रेडलवर उभं राहणं होईना. मुलगी एकच, ती नागपूरला संसारात. बायको म्हणाली, "आता पुरे." मलाही तेच वाटत होतं, फक्त दुसऱ्या कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं.

विकायला निघालो तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते भंगारवाले कासमभाई. आमच्याच रस्त्यावर त्यांचं दुकान, रोजचा राम-राम. लढाईमुळे शिशाला सोन्याचे दिवस आले होते. कासमभाई खिळ्यांच्या पेट्यांसमोर उभे राहिले, त्यांनी एक खिळा तळहातावर घेऊन पाहिला आणि परत त्याच खणात ठेवला.

"गोविंदराव, मले द्याल तं मी वितळवीन, आधीच सांगतो. भाव चांगला देईन. पन छापणाऱ्याले देनं होत असंन तं त्याले द्या. मी काही नाराज होनार नाई."

कोणता भंगारवाला असं बोलतो? त्यांचं हे बोलणं मी विसरलो नाही.

पुढचा प्रश्न माझा नव्हता, दशरथचा होता. छापखाना वितळला तर त्याचं काय? पन्नाशी उलटलेली. अमरावतीतले छापखाने कागदावाचून माणसं कमी करत होते, नवीन कोण ठेवणार? भावांच्या मळ्यात जाऊन बसावं तर शिशात मुरलेल्या बोटांना निंदणी-खुरपणी कुठून जमणार?  त्या दिवसांत तो संध्याकाळी घरी जाताना पेट्यांवर फडकं टाकायचा ते जरा जास्तच नीट टाकायचा, आणि ते मला बघवत नसे. मी मनाशी ठरवलं, विकायचा तर छापखाना म्हणून विकायचा आणि दशरथसकट द्यायचा.

असं गिऱ्हाईक अकोल्यात निघालं. वासुदेवराव हे तिथले वह्या-कागदाचे जुने व्यापारी. त्यांच्याकडे कागद होता आणि छापखाना नव्हता. माझ्याकडे छापखाना होता आणि कागद नव्हता. ते अमरावतीला आले, यंत्र पाहिलं, स्वतः पाय मारून पाहिला, दशरथला दोन-चार प्रश्न विचारले. भाव कासमभाईंपेक्षा कमीच सांगितला, पण माणूस चोख वाटला. त्यांची एकच अट होती.

"फाल्गुनात माह्या लेकीचं, यमुनीचं लगन हाय," ते म्हणाले. "तिची पत्रिका आपल्याच छापखान्यात छापू, असं म्या सोयऱ्याईले सांगून बसलो. ते झालं तं सौदा पक्का अन् दशरथही पक्का. नाई झालं तं पत्रिका मी दुसरीकडून छापून घेतो अन् तुमचं सामान तुमाले वापस."

मी हो म्हणालो. दशरथलाही अकोला नको नव्हतं. त्याची बायको कौसल्या बार्शीटाकळीची, म्हणजे माहेर जवळ येणार होतं. पौष चालू होता. वेळ भरपूर आहे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

आता आमचा पराक्रम ऐका. खिळे परगावी पाठवायची रीत अशी की एकेका खणातले खिळे कागदाच्या पुडीत घट्ट बांधायचे, पुडीवर अक्षर लिहायचं आणि पुड्या खोक्यात भरायच्या. पण पुड्यांना कागद कुठला? कागद असता तर छापखाना विकलाच कशाला असता! तेव्हा वऱ्हाडातल्या माणसाला अडचणीत जे सुचतं तेच आम्हाला सुचलं: कापूस. पौषात अमरावतीला काय कमी, सगळं गाव पांढरं झालेलं. ओळखीच्या जिनातून रुई आणली, प्रत्येक खण खिळ्यांवर रुई दाबून गच्च भरला, दोन पेट्या तोंडाला तोंड लावून सुतळीने आवळल्या. हलवून पाहिलं, आवाज नाही. आम्ही दोघं खूष. ही कल्पना आधी कोणाची, याबद्दल दशरथचं आणि माझं आजही एकमत नाही.

कापसाने दगा दिला तो असा. पेट्यांच्या फटींतून रुई बाहेर डोकावत होती. स्टेशनावरच्या हमालांनी ती पाहिली. वऱ्हाडातला हमाल, कापूस दिसल्यावर आत नाजूक काही असेल असं त्याच्या मनात येईलच कसं? वजनाचं नवल वाटायचंही कारण नव्हतं, कापसाच्या गाठी काय कमी जड असतात! "आडवं ठेवा" असं आम्ही ओरडून सांगितलं होतं, पण बडनेऱ्याला डबा बदलताना आम्ही नव्हतो. तिथे पेट्या उभ्या रचल्या गेल्या. कापूस खाली दबला, वर पोकळी झाली, आणि मालगाडीच्या हिसक्यांनी एका खणातले खिळे दुसऱ्या खणाच्या पाहुणचाराला गेले.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलाजवळ वासुदेवरावांचं दुकान आणि मागे मोठं अंगण. यंत्र पहिल्याच दिवशी बसलं, चाक फिरलं, वासुदेवरावांनी नारळ फोडला. मग दशरथने पहिल्या पेटीची सुतळी सोडली. वरची पेटी उचलली तर रुईचा लांबरुंद थर तिच्याबरोबर वर आला आणि त्याला शाईने चिकटलेले खिळे लोंबत होते. खालच्या पेटीत सगळी बाराखडी एकत्र. दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. मग त्याने उघडायचंच सोडलं आणि अंगणात मांडी घालून बसला.

"मालक, संपलं," तो म्हणाला.

मी हमालांना, रेल्वेला, कापसाला आणि लढाईला शिव्या घातल्या. त्याने खिळे जागेवर गेले नाहीत. आवाज ऐकून वासुदेवराव आले.

"हे काय हाय?"

"खिळे," मी म्हणालो.

"मले तं उकिरडा दिसून राहिला." त्यांनी दशरथकडे पाहिलं. "हे निवडाले किती दिस?"

दशरथ खोटं बोलू शकला असता, पण तो बोलला नाही. "एकट्यानं केलं तं पाडवा येईन."

लग्न फाल्गुनात. वासुदेवराव चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "येत्या बाजारापर्यंत थांबतो. तवापर्यंत पत्रिकेपुरतं झालं तं झालं. नाई तं मले लोकाईत तोंड दाखवाचं हाय, गोविंदराव. मी दुसरीकडे जाईन."

आठवडी बाजाराला आठवडाही नव्हता. त्या दुपारी आम्ही दोघं खिळे वेचत बसलो. माझे डोळे त्या बारीक कामाला कधीच थकले होते. एका खणाचा तळसुद्धा झाकला जाईना. मनात सारखे कासमभाई येत होते. त्यांना काय, मिसळलेलं शिसं आणि निवडलेलं शिसं सारखंच. दशरथच्याही मनात तेच चाललं असावं, कारण तो एकदम म्हणाला, "तुमी कासमभाईले हो म्हनाले असते, तं निदान तुमचं तरी भलं झालं असतं." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. त्याच्यावर रागावल्याने मला थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सासू आली. रखमाबाई तिचं नाव. बार्शीटाकळीला घरचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन सुना आणि शेजारणींबरोबर रोज अकोल्याला यायची. भाजी विकून झाली होती. जावई आल्याचं कळलं म्हणून फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. अंगणातला पसारा पाहून ती दारातच थांबली.

"जावईबापू, छापखाना आनला म्हने तुमी. अन् हे काय कापूस येचत बसले?"

दशरथने मान खाली घालून सगळं सांगितलं. सौदा मोडला तर काय होईल तेही सांगितलं. रखमाबाईने टोपली खाली ठेवली, एक खिळा उचलला आणि उन्हात धरला.

"मंग याच्यासारखे सगये याच्यातून काढाचे अन् एका जागी टाकाचे. असंच नं?"

"हाव मामी, पन अक्षर..."

"अक्षर तुमी पाहा. आमी चेहरा पाहतो." तिने मागे वळून हाक मारली, "या वो, बसा. सांबारातलं गवत निवडता तसं निवडाचं हाय."

त्या बसल्या. दशरथने प्रत्येक खणात नमुन्याचा एकेक खिळा ठेवला. बायका मुठीने कापूस घ्यायच्या, दोन बोटांनी तो पिंजून खिळा मोकळा करायच्या, नमुना बघायच्या आणि टाकायच्या. बोंडातून कापूस काढायचा हात तो. इथे कापसातून बोंड काढायचं होतं, एवढाच फरक. अक्षरं उलटी असल्याचा त्यांना काहीच त्रास नव्हता, कारण सुलटी त्यांनी कधी वाचली नव्हती. थोड्या वेळात त्यांनी खिळ्यांना आपापली नावंही ठेवली. ठ ही बांगडी झाली, ट हा विळ्यासारखा म्हणून इळा झाला, ळ ही जोडवी झाली. अंगणात एकच गलबला.

"जोडवे इकडे दे वो, तुह्याकडे लय झाले."

"माह्या इळ्याचा खन भरला. आता कुठी टाकू?"

जुळी दिसणारी अक्षरं त्या एकाच खणात टाकायच्या, व आणि ब गळ्यात गळा घालून. दशरथ म्हणायचा, "राहू द्या, तेवढं मी पाहून घेईन." त्याचा आवाज बदलला होता. रोज भाजी विकून झाली की त्या यायच्या आणि परतायची वेळ झाली की टोपल्या उचलून जायच्या. दशरथ आणि मी दिवसभर बसायचो.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वासुदेवरावांच्या मंडळींनी बायकांसाठी चहा पाठवला. चहा घेऊन आली ती यमुना, जिचं लग्न होतं ती. कपबशा ठेवून ती जराशी बघत उभी राहिली, आणि मग पदर खोचून रखमाबाईच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने तिची आईही आली. दुकानातून वासुदेवरावांनी डोकावलं तेव्हा त्यांची बायको आणि मुलगी भाजीवाल्या बायकांच्या मध्ये बसून कापूस पिंजत होत्या.

"तू काहून बसली वो?" त्यांनी मुलीला विचारलं.

"माहीच पत्रिका हाय नं बाबा," ती म्हणाली.

वासुदेवराव आत गेले, चष्मा घेऊन आले आणि एका कोपऱ्यात बसून खिळ्यांवरची रुई काढू लागले. व्यापारी माणूस, हात सावकाश चालायचा. पण मला त्या घटकेला वाटलं की हा माणूस आता दुसरीकडे जायचा नाही.

एका पत्रिकेला सगळ्या पेट्या लागत नाहीत, हे इथे सांगायला हवं. नावांचे मोठे खिळे, मजकुराचे मधले आणि थोडेसे बारीक, एवढं निवडून झालं की काम भागतं. तेवढं बाजाराच्या आदल्या दिवशी झालं. बाकीचं उकरत बसायला दशरथला पुढे पुरा उन्हाळा मिळणार होता, आणि तो मिळावा एवढ्यासाठीच हे सगळं चाललं होतं. वासुदेवरावांच्या मंडळींनी रखमाबाईच्या हातावर काही ठेवायला पाहिलं, तर तिने हात मागे घेतला.

"लेकीच्या पोटाची गोठ हाय माय," ती म्हणाली. "याची कायची मजुरी?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली.  इतक्या वर्षांत आभाराची पत्रकं मी किती छापली, पण त्यातला एक शब्द तोंडात येईना. मी नुसते हात जोडले. आज हे लिहिताना पुन्हा जोडतो. ती आता नाही. तिच्या सुना अजून भाजी घेऊन येतात, असं दशरथ सांगतो.

बाजाराच्या दिवशी सकाळी दशरथने पत्रिका जुळवली. हात पूर्वीसारखा पेटीत जायचा आणि परक्या खिळ्याला लागून मागे यायचा. तो न चिडता पुन्हा घालायचा. मी शाई लावली. दोन-तीन कच्च्या प्रती काढल्या, एक मात्रा पुसट होती ती बदलली. मग त्याने यंत्रात पत्रिकेचा चांगला जाड कागद घातला आणि पाय मारला.

आमच्या छापखान्यात एक रीत होती. कोणत्याही कामाची पहिली पक्की प्रत जुळारी मालकाच्या हातात देतो. मालक ती बघून मान हलवतो, आणि मगच काम पुढे चालतं. त्यात काही शास्त्र नाही, पण दशरथने ते कधी चुकवलं नव्हतं. तापाने फणफणला असला तरी चुकवलं नव्हतं.

पत्रिका निघाली. शाई ओली, म्हणून त्याने ती दोन्ही हातांच्या बोटांवर तोलून धरली आणि वळला. मी यंत्राजवळ होतो. वासुदेवराव दाराशी होते, त्यांच्या मागे यमुना आणि तिची आई. दशरथ सवयीने माझ्याकडे दोन पावलं आला. माझा हातही सवयीने थोडा पुढे झाला होता. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो मध्येच थांबला. त्याचं तोंड मला आजही दिसतं. इतका अवघडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि वासुदेवरावांकडे बघून मान हलवली.

दशरथ तसाच उभा राहिला. मग गेला आणि पत्रिका त्यांच्या हातात दिली. वासुदेवरावांना रीत माहीत नव्हती. त्यांनी ती लांब धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि मुलीच्या नावापाशी त्यांचा आवाज फुटला. चष्मा काढून ते डोळे पुसत राहिले. यमुना आत पळाली. मग स्वतःला सावरत, व्यापाऱ्याच्या आवाजात त्यांनी विचारलं, "दशरथ, उद्या कवा येशीन?"

दशरथने माझ्याकडे पाहिलं नाही. आणि बरं केलं.

"आठले येतो, मालक," तो म्हणाला, आणि पुढचा कागद घ्यायला यंत्राकडे वळला.